डाव्या पुढच्या चाकाचं म्हणणं

माझ्या थोरल्या नणंदेइतकं मन लावून ऐकणारं माणूस उभ्या मुंबईत दुसरं नसेल. फक्त ती माणसांचं ऐकत नाही. माणसं, तिच्या मते, जिथे दुखतं तिथलं सोडून भलतंच काहीतरी सांगत बसतात, त्यामुळे त्यांचं ऐकण्यात वेळ जातो आणि निदान होत नाही. ती ऐकते चाकांचं, आणि त्यातही पुढच्या चाकांचं. दादरच्या फूलबाजारात मी शेवंतीचा भाव करत असते आणि जरा वेळाने माझ्या लक्षात येतं की आपण एकटीच बोलतोय. ताई तिकडे सिग्नलला थांबलेल्या कुणा अनोळखी गृहस्थाच्या काचेवर टकटक करून सांगत असते, "ओ भाऊ, उजवं पुढचं बेअरिंग बोलतंय तुमचं. खोपोलीच्या पुढे जाऊ नका हां." तो गृहस्थ बिचारा शिवडीला निघालेला असतो. तो घाबरून काच वर करतो. ताईला त्याचा राग येत नाही. तिला वाईट वाटतं ते बेअरिंगचं, की कुणाच्या पदरी पडलंय म्हणून.

ताई दादरच्या एका कॉलेजात आयुष्यभर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून रिटायर झाली. लग्न तिने केलं नाही. दोन स्थळं आली होती, असं माझा नवरा मिलिंद सांगतो. त्यातल्या पहिल्याला तिने चहाचा कप हातात देतादेता विचारलं की, तुम्ही चालताना डावा पाय बाहेर का टाकता. दुसऱ्याच्या कानावर हे आधीच गेलेलं होतं, तो खुर्चीवरून उठलाच नाही आणि मग घाईघाईने उठला तो गेलाच. परळच्या आमच्या चाळीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहतो आणि खिडकीबाहेर जीप राहते. ही जीप माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. गिरणी बंद पडल्यावर अण्णांनी लष्कराच्या लिलावातून ती घेतली आणि रे रोडच्या लाकूड वखारींमधून प्लाय, फळ्या, तयार दारं वाहून घर चालवलं. ताईची एमएस्सी या जीपने केली, मिलिंदचा डिप्लोमा हिनेच केला. अण्णा गेले, वखारीही एकेक करून गेल्या, जीप तेवढी राहिली. ती लष्करातली असल्यामुळे तिला एक जादा अंग आहे. साध्या गाडीला मागची दोन चाकं ढकलतात आणि पुढची नुसती पळतात. हिचा एक दांडा मागे ओढला की पुढची दोन चाकंही जोर लावायला लागतात. चिखलात, वाळूत, डोंगरात याचा फार उपयोग होतो म्हणे. परळमध्ये डोंगर नाही, हे आमच्या घरात आजवर कुणी मोठ्याने बोललेलं नाही.

माझ्या लग्नात नणंदेने मला साडी दिली नाही, लायसन काढून दिलं. माझगावच्या माहेरी मी सायकलसुद्धा धड चालवलेली नव्हती. पहिल्या दिवशी तिने मला जीपच्या सीटवर बसवलं, इंजिन सुरू केलं आणि डोळे मिटायला सांगितलं.

"काय ऐकू येतंय?"

"इंजिन."

"आणखी?"

मी पुष्कळ कान ताणले. "आणखी इंजिन."

तिने एक मोठा सुस्कारा सोडला आणि खिडकीत उभ्या असलेल्या मिलिंदला म्हणाली, "असू दे. स्वयंपाक करते ना?" पण शिकवलं मात्र तिने असं, की आजही मी गिअर टाकताना शेजारी कुणीतरी डोळे मिटून बसलंय असं मला वाटत राहतं.

चाळीतल्या लोकांना ताईच्या चेहऱ्यापेक्षा तिचे पाय जास्त ओळखीचे आहेत. कारण सुट्टीच्या दिवशी ती जीपखाली असते. कुठल्याशा जुन्या निवडणुकीचा एक फ्लेक्स तिने जपून ठेवलाय, तो हसणारा उमेदवार अंथरायचा आणि त्याच्यावर आडवं होऊन आत सरकायचं. मग बाहेर उरतात ती फक्त दोन पावलं आणि रबरी चपला. चाळ या पावलांशी बोलते. मुलाला कुठल्या शाखेला घालू हे पावलांना विचारलं जातं, लग्नपत्रिका पावलांपाशी ठेवली जाते, पाणी कधी येणार याची तक्रार पावलांकडे होते. उजवा अंगठा हलला की होकार. दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला पडली की विषय संपला, आता माणसाने आपल्या घरी जावं. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आल्या आणि अर्धा तास पावलांपाशी बसून रडल्या. शेवटी खालून आवाज आला, "काकू, जरा तो सतरा-एकोणीसचा पाना द्या." काकूंनी डोळे पुसून पाना दिला. नंतर त्या सगळ्यांना सांगत होत्या की, मॅडमशी बोललं की कसं मोकळं मोकळं वाटतं.

जीपचा पुढचा भाग तपासायची तिची एक पद्धत आहे आणि त्या पद्धतीत घाईला जागा नाही. आधी ती हकीकत विचारते. परवा गाडी कुठे नेली होती, कुठल्या खड्ड्यात आदळली, पुढे कोण बसलं होतं. मिलिंद बसला होता म्हटलं की "वाटलंच" म्हणते, कारण मिलिंदचं वजन हा तिच्या लेखी मुंबईच्या रस्त्यांनंतरचा दुसरा मोठा शत्रू आहे. मग जॅक लावून पुढचं चाक उचलायचं. चाकाला वर आणि खाली धरून हलवायचं. हललं, तर मला ब्रेकवर पाय ठेवायला लावायचं आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही हलत राहिलं तर चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनचा. मग डावी-उजवीकडून धरून हलवायचं. तिथे ढिलेपणा निघाला तर स्टिअरिंगच्या दांड्याची टोकं गेली. हे सगळं चालू असताना मी ब्रेकवर पाय ठेवून बसलेली असते आणि गॅसवर वरण उतू जात असतं. "पाय काढू का, ताई?" "थांब गं, आत्ता कुठे बोलायला लागलंय." मला वाटतं, या जगात माझ्या नणंदेने "थांब" आणि "बोल" हे दोन शब्द जितक्या प्रेमाने त्या डाव्या पुढच्या चाकाला म्हटले, तितक्या प्रेमाने माणसाला कधी म्हटले नसतील. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही. इतक्या निगुतीने कुणी आपली चौकशी केली तर माणूस मुद्दाम आजारी पडेल.

आणि ते चाक पडायचंच आजारी. दरवर्षी रोग वेगळा, पण महिना तोच. एका वर्षी ऑइल सील फुटून ग्रीसची पातळ आमटी झाली. एका वर्षी चाकाच्या मधोमध असलेल्या हबचे बोल्ट कातरले गेले. एका वर्षी वळताना कट्-कट् आवाज यायला लागला, तो आतल्या जॉइंटचा निघाला, ज्याला मेकॅनिक लोक क्रॉस म्हणतात. ताई सगळं उघडायची, पुसायची, नवं घालायची, पुन्हा बांधायची. पाऊसभर, थंडीभर चाक ठणठणीत. उन्हाळा आला की पुन्हा कण्हायला लागायचं. रे रोडचा आमचा मेकॅनिक लॉरेन्स, हा माझ्या माहेरच्या गल्लीतला, ताईला पार्ट काढून देतो आणि ताई स्वतः काम करताना शेजारी हात मागे बांधून उभा राहतो. त्याने एकदा घाबरत घाबरत विचारलं, "मॅडम, तुमची गाडी हर टायमाला एप्रिल एंडलाच कशी काय आजारी पडते?"

मग काय विचारता. ताईने त्याच्या गॅरेजच्या शटरवर खडूने आकृती काढून त्याला उष्णतेने होणारं धातूचं प्रसरण समजावलं. लोखंड किती फुगतं, पितळ किती फुगतं, ग्रीस कसं पातळ होतं आणि लष्करी जीप थंड मुलखासाठी घडवलेली असल्यामुळे परळचा एप्रिल तिला का सोसत नाही. ही थिअरी इतकी सुरेख होती की लॉरेन्सने ती पुढे इतर गिऱ्हाइकांनाही ऐकवली. ताई दर एप्रिलमध्ये दुपारी जीपच्या पुढच्या चाकांवर ओली गोणपाटं टाकायला लागली. चाळीत आलेले पाहुणे विचारायचे, तर पोरं सांगायची, "मॅडमच्या गाडीला ऊन लागतं."

लॉरेन्सने तिला आणखी एक गोष्ट सुचवली होती आणि त्यावरून त्याला बोलणी खावी लागली होती. पुढच्या चाकाच्या मधोमध बसवायची एक टोपी मिळते, फ्री हब म्हणतात तिला. तिची कळ फिरवली की चाक आतल्या दांड्यापासून सुटतं आणि नुसतं मोकळं फिरतं. लॉरेन्सचं म्हणणं एवढंच, की मॅडम, डिझेल वाचेल. ताई म्हणाली, "म्हणजे मागच्या दोघांनी मरायचं आणि पुढच्या दोघांनी नुसतं फिरायचं? पाहुणी आहेत का ती? अण्णांच्या वेळी असलं काही नव्हतं." अण्णांच्या वेळी नव्हतं म्हटल्यावर आमच्या घरात पुढे वाद होत नाही.

अण्णांच्या वेळचं एक मोठं काम जीपकडे अजून होतं, आणि ते वर्षातून एकदाच असायचं. चौदा एप्रिलच्या संध्याकाळी आमच्या चाळींची जयंतीची मिरवणूक निघते, आणि अण्णांनी जीप घेतली त्या वर्षापासून तसबीर निघते ती या जीपच्या बॉनेटवरून. तसबीर चांगली छातीइतकी उंच, लाकडी चौकटीची. ती काचेला टेकवून, समोर तोंड करून बांधायची, भोवती फुलं, बल्बची माळ, कडेला निळे झेंडे. जीप चालवणाऱ्याला समोर तसबिरीची पाठ तेवढी दिसते. रस्ता दाखवायला दोन पोरं दोन्ही बाजूंनी चालतात. अण्णांचा नियम एकच होता, तसबिरीला हिसका बसता कामा नये. लेझीम खेळणाऱ्या मुली पुढे, बँजो त्यांच्या पुढे, म्हातारी माणसं मागे, म्हणजे गाडी चालायची ती म्हातारीच्या चालीने. साध्या पहिल्या गिअरला गाडी एवढी हळू चालत नाही, सारखा क्लच दाबावा लागतो आणि हिसके बसतात. म्हणून अण्णा दोन्ही दांडे मागे ओढायचे. एकाने चारही चाकं जोर लावायची, दुसऱ्याने गाडी अगदी हळू, पाण्यावरून सरकल्यासारखी चालायची, आणि जीपच्या रचनेत पहिला ओढल्याशिवाय दुसरा ओढता येत नाही. अण्णांनंतर ताई तस्संच करत आली. त्या संध्याकाळी ती पांढरी साडी नेसायची, नखांतलं काळं ब्रशने घासून काढायची आणि कुणाशी एक अक्षर बोलायची नाही. मिरवणूक संपून तसबीर परत विहारात गेली की मग पहिला चहा घ्यायची. तो चहा पिताना तिचा चेहरा मी वर्षात दुसऱ्या कुठल्याच दिवशी पाहिलेला नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या जयंतीला ते झालं. शेवटच्या चाळीच्या कोपऱ्यावर रस्ता काटकोनात वळतो. तिथे ताईने स्टिअरिंग पुरतं कापलं आणि पुढून बंदूक उडाल्यासारखा आवाज आला. जीप एका बाजूला झटकली गेली. वरची दोरी सुटली आणि तसबीर पुढे कलली. कडेच्या पोरांनी झेप घेऊन ती छातीवर झेलली, काही फुटलं नाही, कुणाला लागलं नाही. पण बँजो थांबला. एवढ्या गर्दीत एकदम अशी शांतता झाली की बल्बच्या माळेच्या जनरेटरचा आवाज तेवढा येत राहिला. ताई खाली उतरली. तिने चाकाकडे पाहिलंच नाही. तसबिरीसमोर जाऊन हात जोडून उभी राहिली आणि मग बाजूला झाली. उरलेला रस्ता पोरांनी जीप हाताने ढकलत नेली. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, फ्लेक्स घडी करून कोपऱ्यात तसाच होता, आणि चाळीतले लोक जीपपाशी येऊन, खाली पावलं नाहीत असं बघून, न बोलता परत जात होते.

डावीकडचा क्रॉस तुटला होता. तो तिने नंतर बदलला. बेअरिंगं बदलली, किंगपिन बदलल्या, जे बदलता येईल ते सगळं बदललं, पण मनातून तिचा विश्वास उडाला होता. का तुटला, ते कळत नव्हतं. ओली गोणपाटं तर त्या दिवशीही टाकलेली होती. आणि त्यात थंडीत तिचा डावा गुडघा गेला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर तिला समजावत होते की सांध्यात झीज झालीय. ताईने विचारलं, "किती? मोजलीत का? नुसतं झीज म्हणून कसं चालेल?" डॉक्टर म्हणाले, एक्स-रेमध्ये दिसतंय. ताई म्हणाली, "दिसतं सगळ्यांनाच हो. कारण काय?" डॉक्टर म्हणाले, वय. ताईला हे उत्तर अजिबात पटलं नाही. तिच्या हाताखालच्या विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं असतं तर तिने शून्य दिलं असतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण क्लच दाबायला डॉक्टरांनी कायमची बंदी केली. जीपखाली जायलाही बंदी होती. ती जायचीच, आणि मग उठता यायचं नाही म्हणून मी आणि मिलिंद तिला उमेदवारासकट ओढून बाहेर काढायचो.

पुढच्या मार्चमध्ये जयंती कमिटीचा अध्यक्ष सिद्धार्थ आला. हा ताईचाच विद्यार्थी, प्रॅक्टिकलला दोनदा नापास झालेला. तो पावलांसमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ चपलांकडे बघत राहिला.

"मॅडम, जयभीम. कमिटीत बोलणं झालं. यंदा ट्रक ठरवतोय. लायटिंगवाला आहे, एकदम फ्लॅट चालतो. तुम्हालापण आता गुडघ्याचा त्रास..."

पावलं हलली नाहीत. मला वाटलं, आता ती बाहेरच्या बाजूला पडणार. तसंही झालं नाही. खालून आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता. "सिद्धार्थ, अण्णांच्या गाडीवरून तसबीर पडली असं म्हणतील रे लोक. शेवटचं तेवढंच राहील."

"कोण नाय बोलणार मॅडम तसं."

"रविवारी सकाळी ये. बॉनेटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवू. मिरवणुकीचा पूर्ण रस्ता. थेंब सांडला, तर तुझा ट्रक."

नापास झालेला मुलगा बाईंना नाही म्हणू शकत नाही. तो बरं म्हणून गेला. ग्लास ठेवून गाडी चालवायची कुणी, हे मात्र मला तो गेल्यावर कळलं.

रविवारी सकाळी रस्ता मोकळा होता. सिद्धार्थ दोन मेंबर घेऊन आला होता. स्टीलचा ग्लास भरला गेला. मी स्टिअरिंगवर, ताई काठी घेऊन डाव्या पुढच्या चाकाच्या शेजारी. "दोन्ही दांडे मागे घे," ती म्हणाली. मी घेतले. जीप सरकायला लागली आणि खरंच सांगते, पाणी हललंसुद्धा नाही. सरळ रस्ता संपला तरी थेंब नाही. सिद्धार्थच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला लागला होता, त्यालाही ट्रक मनापासून नकोच होता. मग तो कोपरा आला. मी स्टिअरिंग कापलं. ते हातात जड झालं, पुढचा टायर रस्त्यावर किचकिचला, जीप अडली, उडी मारल्यासारखी पुढे झाली आणि ग्लास आडवा झाला.

सिद्धार्थ जवळ येऊन हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम." पण मॅडमचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती काठी चाकाकडे रोखून तशीच उभी होती.

"मागे घे. परत वळव."

मी परत वळवली. परत किचकिच, परत अडली. "आता दोन्ही दांडे सोड. साध्या गिअरला वळव." मी वळवली. हिसका बसला, पण चाक निमूट वळलं. ताई फुटपाथच्या कडेवर बसली. मला वाटलं गुडघा दुखला म्हणून बसली. मी उतरून धावले, तर ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अगं, वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान. चारही एकमेकांना जखडून ठेवली की भांडतात. चिखलात घसरून सुटून जातात. इथे काँक्रीटवर सुटणार कशी? सगळा पीळ जाऊन बसतो त्या क्रॉसमध्ये." तिने काठीने रस्त्यावर टकटक केलं. "अण्णांच्या वेळी इथे माती होती गं. खडी आणि माती. त्यांचं चाक सुटायचं. रस्ता पक्का झाला आणि मी आपली त्यांच्यासारखीच दांडे ओढत बसले. दर चौदा एप्रिलला मीच मोडायचे हिला, आणि एप्रिल संपेपर्यंत गोणपाटं घालत बसायचे."

"पण ताई, एवढी वर्षं हा आवाज तुला ऐकू कसा आला नाही?"

"मी आत बसलेली. पुढे बँजो." तिने काठी मांडीवर आडवी घेतली. "आणि हकीकत विचारताना जयंती मी कधी धरलीच नाही. खड्डे धरले, मिलिंद धरला. त्या दिवशी गाडी बिघडेल असं काही आपण करू, हे मनातच आलं नाही."

सिद्धार्थ इतका वेळ डोकं खाजवत होता. तो म्हणाला, "मॅडम, वर्तुळाचं हे आम्हाला पेपरला होतं."

"काय लिहिलं होतंस?"

"ऑप्शनला टाकलं होतं."

"मीही," ताई म्हणाली.

पुढचं काम सोपं होतं. दांडे दोन्ही ओढायचे, म्हणजे जीप म्हातारीच्या चालीने चालेल. आणि पुढची चाकं मात्र मोकळी सोडायची, म्हणजे भांडण नाही. त्यासाठी लागत होत्या त्याच दोन टोप्या. ताई स्वतः रे रोडला गेली. लॉरेन्सने कपाटातून फ्री हबची जुनी जोडी काढून पुसून तिच्यासमोर ठेवली आणि शहाण्या माणसासारखा हात मागे बांधून उभा राहिला. त्या बसवताना मात्र ताईने एकेका चाकावर हात ठेवला आणि म्हणाली, "चला, आता तुम्ही आराम करा." पुढच्या रविवारी ग्लास पुन्हा भरला. कोपऱ्यावरून वळून विहारापर्यंत गेला तरी पाणी काठोकाठ होतं. सिद्धार्थने ते सगळ्यांसमोर एका घोटात पिऊन टाकलं आणि ट्रकवाल्याला फोन लावला.

त्या जयंतीला ताई अण्णांनंतर पहिल्यांदाच जीपच्या बाहेर होती. पांढरी साडी, घासलेली नखं, एका हातात काठी, दुसरा हात डाव्या मडगार्डवर. सगळी मिरवणूक नाचत होती आणि ही बाई मान खाली घालून चाकाला कान लावून चालली होती. बायका तिच्यावर गुलाबपाणी शिंपडायला आल्या, तिने मान वर केली नाही. कुणी जयभीम म्हटलं, तिने चाकाकडे बघतच जयभीम म्हटलं. माझ्यासमोर तसबिरीची पाठ होती. प्लायचा तुकडा, चार गंजके खिळे, आणि चौकटीला अण्णांच्या हातची सुतळीची एक गाठ, जी आजवर कुणी सोडलेली नाही. नवी दोरी तिच्यावरूनच बांधतात.

कोपरा आला. जीपला वळायला जागा हवी म्हणून पोरांनी ताईला पुढे नेऊन आतल्या बाजूच्या फुटपाथवर उभं केलं. मी स्टिअरिंग कापायला लागले. स्टिअरिंग हलकं होतं. चाक काही बोललं नाही. बॉनेट हळूहळू डावीकडे वळत गेलं, तशी तसबीर वळत गेली, आणि पूर्ण वळून ताईच्या समोर आली. बल्ब, फुलं, आणि मधोमध तो चेहरा. ताईने चाकावरची नजर वर केली. मी कडेने वाकून बघत होते म्हणून मला दिसलं. ती नुसती बघत राहिली. जीप तिच्यासमोरून पुढे निघून गेली तरी ती तिथेच उभी होती. लोक तिला वळसा घालून जात होते.

विहाराच्या पायरीवर चहा पिताना मी विचारलं, "आवाज आला का, ताई?"

"कसला?"

"चाकाचा."

तिने कप पायरीवर ठेवला. मग म्हणाली, "एवढी वर्षं मी पाठच बघत आले गं."

आता जीप मी चालवते आणि ताई पुढे चालते. चाकांचं ती ऐकते, दादरला काचांवर टकटकही करते, पण मिरवणुकीत कोपरा आला की ऐकणं सोडून वर बघते. तेवढ्या वळणापुरतं चाक माझ्या हवाली असतं. अण्णांच्या गाठीकडे बघत मी जिवाचे कान करून ऐकत असते, की डावं पुढचं चाक काही म्हणतंय का. मला अजूनही इंजिनच ऐकू येतं. हे मी तिला सांगितलेलं नाही.